कानाची डबी

“पाडलीस ना बंद? झालं समाधान?”

मामंजींनी डबी माझ्यासमोरच्या परातीत आपटली. परातीत कणीक होती. डबी कणकेत अर्धी रुतून बसली आणि तिची वायर माझ्या बांगड्यांत अडकली.

“मी कशाला बंद पाडीन?” मी म्हणाले.

“नुसतं तोंड हलवू नकोस. मला ऐकू येत नाही हे तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर पाडलीस.”

एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली, बाहेर जाऊन ऐरणीवर बसले आणि ठोकायला लागले. माझ्या सासऱ्यांची ही जुनी खोड. आपलं म्हणणं मांडायचं आणि पाठ फिरवायची. बहिऱ्या माणसानं पाठ फिरवली की भांडण संपलं, आणि शेवटचा शब्द कायम त्याचाच. लग्न होऊन मला तीन वर्षं झाली होती, पण एकाही भांडणात मला पुरतं उत्तर देता आलेलं नव्हतं. भांडखोर बाईला याहून मोठी शिक्षा नाही. मी भांडखोर आहे, ते मी कधी लपवलेलं नाही.

आमची आळी तांबटांची, पुण्याच्या जुन्या पेठेतली. घरोघरी तांब्याचे हंडे, घागरी, बंब मठारायचं, म्हणजे ठोकून ठोकून घडवायचं काम. पोरगा मिसरूड फुटायच्या आत ऐरणीवर बसायचा आणि चाळिशी आली की त्याचे कान जायचे. कुणी त्याला आजार म्हणत नसे. म्हाताऱ्या तांबटाला नीट ऐकू येत असेल तर त्यानं आयुष्यभर कामचुकारपणा केला असं समजायचे. त्या ठोकाठोकीत आणि बहिरेपणात आळीनं हातांनी बोलायची एक रीत पाडून घेतली होती. कुणी तळहात उताणा करायचा, कुणी अंगठा मनगटावर घासायचा, आणि रस्त्याच्या या टोकाचं त्या टोकाला कळायचं. मी फलटणची. माझ्या वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे आमचा सगळा कारभार कानाचा. मला त्या खुणा येत नव्हत्या, आणि त्या शिकवाव्यात असं सासरी कुणाला वाटलं नाही.

माझं बोलणं मामंजींपर्यंत न्यायचे ते माझे थोरले दीर, विश्वनाथभाऊजी. मामंजींचे कान म्हणजे भाऊजी. माझं वाक्य संपलं की भाऊजींची बोटं चालायची, आणि बोटं थांबली की मामंजींचा चेहरा लाल व्हायचा. दरवेळी. साधं ‘जेवायला वाढलंय’ म्हटलं तरी म्हातारा माझ्याकडं असं बघायचा की जसं काही मी त्याच्या पानात खडे वाढलेत. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की माणूस मुळातच खवट आहे आणि मी त्याला नकोच आहे. ह्यांना विचारावं तर हे सकाळीच खडकीच्या कारखान्यात जायचे आणि संध्याकाळी परत आले की म्हणायचे, “दोघांचंही बरोबर आहे.” असल्या नवऱ्याचा भांडणात काही उपयोग नसतो.

म्हणून मी डबी केली.

वडिलांकडं येणाऱ्या मासिकात कानाच्या यंत्राची आकृती आली होती. छोटा माईक, तीन ट्रान्झिस्टर, आवाज लहानमोठा करायचं चाक, दोन पेन्सिल सेल, आणि कानात घालायचं बोंडूक. आयटीआयला रेडिओचं शिकले होते, घरात रिकामपणी असले उद्योग चालायचे. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली एक पाटी असते. तिच्यावर जिथं तांबं राखायचं तिथं नेलपॉलिशनं रेघा काढल्या आणि पाटी रसायनात बुडवली. रेघांखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळून जातं. नेमके मामंजी तेव्हा मोरीपाशी आले. वाटीतलं पाणी बघून त्यांनी विचारलं आणि भाऊजींनी हातांनी काहीतरी सांगितलं.

“तांबं विरघळवते?” मामंजी ओरडले. “आमच्या घराण्यात तांबं ठोकून वाढवतात. ही पाण्यात घालून संपवते. कुठून आणली ही अवदसा.”

डबी तयार झाल्यावर आळीतल्या बायका म्हणाल्या, सून असावी तर अशी, सासऱ्याला कान दिले.  सेवाबिवा माझ्या मनात नव्हती. मला भांडायचं होतं, आणि भांडायला समोर ऐकणारा माणूस लागतो.

पहिल्यांदा मामंजींच्या कानात बोंडूक घालून मी चाक फिरवलं तेव्हा ते उठून चालायला लागले होते. मी म्हणाले, “पाठ फिरवू नका. माझं बोलणं अजून संपलेलं नाही.”

मामंजी जागीच थांबले. माझ्याकडं वळले. मग म्हणाले, “आवाज किरटा आहे तुझा.”

पण डबी त्यांनी ठेवून घेतली. ठोकताना तिचा काही उपयोग नव्हता, हातोड्याचा आवाज दसपट होऊन कानात जायचा, म्हणून कामाच्या वेळी बंद ठेवायचे. दुपारी जेवताना लावायचे, भाऊजी त्या वेळी बाजारात गेलेले असायचे. पावसाळाभर आमची दोन-चार भांडणं जरा तरी रंगली. मग डबी खरखरायला लागली, आणि त्या दिवशी ती पुरती मुकी होऊन माझ्या परातीत येऊन पडली.

पडायची वेळ मात्र अगदी मोक्याची होती. आमच्या कारखान्याच्या शेजारी रस्त्याकडची एक खोली होती. पूर्वी तयार भांडी तिच्यात ठेवायचे. तांब्याचं गिऱ्हाईक आटलं तशी ती मोकळी पडली. मला ती हवी होती. लोकांच्या घरात टीव्ही, टेपरेकॉर्डर यायला लागले होते, मला त्यांच्या दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. सबंध आयुष्य कणकेच्या परातीपुढं काढायचं नसेल तर एवढी एकच वाट मला दिसत होती. भाऊजींना ती खोली बारटक्के नावाच्या स्टीलच्या भांड्यांच्या व्यापाऱ्याला गोदाम म्हणून द्यायची होती. घर मामंजींच्या नावावर. घरातला कुठलाही मोठा निकाल आमच्याकडं खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाली की लागायचा. नवमी तोंडावर आली होती. डबी चालू झाली नाही, तर माझी बाजू भाऊजींच्या बोटांतून जाणार होती.

मी हात धुतले आणि डबी उघडली.

आत सगळं हिरवं झालं होतं. तांब्याच्या रेघांवर हिरवी भुकटी चढलेली, ट्रान्झिस्टरचे पाय काळे पडलेले. बोंडकाची वायर जिथं पाटीला जोडलेली असते तिथं एक भला मोठा चकचकीत गोळा बसला होता. मी मसुराएवढा झाळीचा डाग दिला होता, हा चांगला करवंदाएवढा. जवळ नेऊन बघितला तेव्हा सगळा उलगडा झाला. मी तशीच तावातावानं बाहेर गेले आणि हातोडा खाली यायच्या आत ऐरणीवर डबी ठेवली.

मामंजींनी हातोडा हवेतच थांबवला. “बोट जाईल एक दिवस तुझं.”

मी त्या गोळ्यावर बोट ठेवलं आणि हात उडवून विचारलं, कुणी?

“मी,” मामंजी म्हणाले. “वायर तुटली होती. दिली झाळून. तुझ्यापुढं दर वेळी हात पसरू काय? ओढून बघ, हलणार नाही.”

मी ओढली. डाग खरंच पक्का होता. गोळा हलला नाही, पण त्याच्या खालचं तांबं पाटीपासून सुटून गोळ्यासकट वर आलं.

भट्टीपाशी नवसागराचा खडा पडला होता. मी तो उचलून त्यांच्या डोळ्यांपुढं धरला.

“मग?” ते म्हणाले. “नवसागराशिवाय झाळ धरते होय कुठं?”

आळीतल्या कुठल्याही माणसानं हेच केलं असतं. हंड्याला झाळ देताना, कल्हई करताना नवसागर लागतोच. पण हंडा नंतर राखेनं घासतात, भरपूर पाण्यानं धुतात, आणि नवसागर निघून जातो. ही नाजूक पाटी कोण घासणार? नवसागर आतच राहिला. त्यानं पावसाळ्याची ओल ओढून घेतली आणि बसला तांबं खात. वर म्हाताऱ्यानं भट्टीतली लालबुंद कांब टेकवली होती, त्या धगीनं पाटी भाजली ती वेगळीच. आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे डबी मी बंद पाडली.

हे सगळं बहिऱ्याला सांगायचं कसं? मोडीच्या ढिगात एक जुनी पितळी वाटी पडली होती, आतून कळकलेली. मी ती आणून डबीशेजारी ठेवली. हिरवं इथं, हिरवं तिथं. आणि मधे नवसागराचा खडा.

मामंजींनी वाटी बघितली. पाटी बघितली. कळकलेल्या भांड्यात जन्म गेलेला माणूस, त्याला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. त्यांचा जबडा हलला, आणि मला वाटलं आता कबूल करतील.

“तुझी पाटीच हिणकस तांब्याची असणार,” मामंजी म्हणाले.

मी दुपारी मधल्या खोलीत सतरंजी टाकली, माझं सोल्डरिंगचं अवजार लावलं आणि कामाला बसले. थोड्या वेळानं मामंजी आले आणि पालथ्या घागरीवर समोर बसले.

“आणखी काही बिघडवशील म्हणून बघतोय,” त्यांनी स्वतःहूनच सांगितलं.

“बसा,” मी म्हणाले. “घुबडासारखे बसा.”

“काय?”

“तुमच्यासारखा हेकट माणूस मी सबंध सातारा जिल्ह्यात बघितला नाही, असं म्हणाले.”

त्यांना काही कळलं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी पुढं बोलतच राहिले. कोमट पाणी आणि जुना दातांचा ब्रश घेऊन पाटी घासत होते आणि तोंडानं त्यांची एकेक गोष्ट काढत होते. लग्नात माझ्या वडिलांशी दोन शब्द बोलला नाहीत. पहिल्या सणाला मी केलेल्या पुरणपोळीला हात लावला नाहीत. माझी चूक काय ते एकदा तरी सांगा. मामंजी नाकपुड्या फुगवून नुसते पाटीकडं बघत होते.

पाटी उन्हात वाळवली, स्पिरिटनं पुसली. हिरवं खरवडून काढलं तेव्हा कळलं की दोन रेघा मधूनच खाल्ल्या गेल्यात आणि बोंडकाच्या जागी तर तांबं उरलेलंच नाही. तिथं नवी वाट बांधायची होती. मी वायरीच्या केसांना पीळ द्यायला लागले.

“हे काय सुतळी वळतेस?” मामंजींनी ते माझ्या हातातून हिसकून घेतलं. “झाकण बसेल का त्याच्यावर?”

ते बाहेर गेले. हातोड्याचे बारीक बारीक ठोके ऐकू आले. परत येऊन त्यांनी तांब्याची एक पट्टी माझ्या अंगावर फेकली. कागदासारखी पातळ, आणि कड कुठं फाटलेली नाही. ती कापून मी खाल्लेल्या रेघांच्या जागी बसवली. अगदी चपखल बसली. तसं मी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तरी ऐकू कुठं येणार होतं.

मग मी राळ काढली. आमच्या कामात नवसागराच्या जागी राळ. मामंजींनी खडा उचलून हुंगला.

“धूप आहे हा. पूजा करतेस की झाळतेस?”

“तुमची पूजाच बांधावीशी वाटते,” मी म्हणाले आणि डाग दिला. धूर निघाला, डाग लहानसा, चकचकीत बसला. मी सेल घातले, चाक फिरवलं आणि बोंडूक माईकपाशी नेलं. बारीक शीळ आली. दोन्ही एकमेकांजवळ आले की शीळ येते, म्हणजे डबी जिवंत.

मी काही बोलायच्या आत मामंजींनी बोंडूक घेऊन कानात घातलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तेवढ्यात विश्वनाथभाऊजी दारात आले.

“काय कुमुद, उठलं का मढं?” भाऊजी हसत म्हणाले. “नसेल उठलं तर टाकून दे. म्हाताऱ्याला आता काय ऐकायचं राहिलंय?” आणि बोलता बोलता त्यांची बोटं मामंजींसाठी चालत होती.

मामंजींनी भाऊजींच्या तोंडाकडं बघितलं. मग बोटांकडं. मग परत तोंडाकडं. मग बोंडूक कानातून उपटलं आणि सतरंजीवर टाकलं.

“मेली ती,” मामंजी म्हणाले. “हिच्या हाताला गुण नाही.”

“खोटं आहे हे,” मी उसळून उभी राहिले. “चालू आहे डबी. मी आत्ता शीळ ऐकली.”

भाऊजींनी हातांनी विचारलं.

“नाही म्हटलं ना,” मामंजी म्हणाले. डबी वायरीसकट गोळा करून त्यांनी बंडीच्या खिशात कोंबली आणि माझ्याकडं न बघता निघून गेले.

भाऊजी म्हणाले, “मनाला लावून घेऊ नकोस. बाबांचं तुझ्याबद्दलचं मत काही डबीनं बदलायचं नाही.”

मी सतरंजी गुंडाळली. रडले ते दुःखानं नाही, संतापानं. काम जमलं होतं आणि त्या माणसानं माझ्या तोंडावर ते नाकारलं होतं, केवळ मला खाली बघायला लावायला. पुढच्या दिवसांत मी त्यांच्या पानात वाढलं, पण त्यांच्याकडं बघितलं नाही. ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, “असेल काहीतरी कारण.” त्या रात्री मी ह्यांच्याशीही बोलले नाही.

खंडेनवमीला आळीत हातोडा उचलत नाहीत. हातोडे, मोगऱ्या, सांडश्या, कात्र्या सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, गंध-फूल वाहायचं, आणि दिवसभर त्यांना विश्रांती द्यायची. वर्षातला हा एकच दिवस असा की आळीत चिमण्या ऐकू येतात. ह्यांच्या कारखान्यातही यंत्रांची पूजा होती, हे तिकडं गेले होते. बारटक्के पेढ्यांचा पुडा घेऊन सकाळीच हजर झाले. मामंजी पाटापुढं बसले होते. हवेत गारवा नव्हता, तरी त्यांनी डोक्यावरून आणि कानांवरून उपरणं गुंडाळून घेतलं होतं. म्हातारपणाची थेरं म्हणून मी लक्ष दिलं नाही.

आरती झाली. भाऊजींनी हातांनी आणि तोंडानं एकदमच सुरुवात केली. “बाबा, बारटक्के खोली आजपासून घ्यायला तयार आहेत. आपल्याला काही करायला नको. कुलूप त्यांचं, हमाल त्यांचे.”

मामंजींनी मान हलवली. “आणि हिचं म्हणणं काय?” ते माझ्याकडं न बघता म्हणाले. “विचार तिला.”

भाऊजी माझ्याकडं वळले. “बोल गं. थोडक्यात.”

बोलून काय होणार ते मला दिसत होतं. तरी बोलले. गप्प बसायची मला सवय नाही.

“मला खोली दुकानासाठी हवी,” मी म्हणाले. “मामंजींची ऐरण आहे तिथंच राहू दे. त्यांनी त्यांच्या जागी ठोकावं, मी माझ्या जागी रेडिओ दुरुस्त करीन. त्यांच्या आवाजाची मला अडचण नाही. स्टीलचं गोदाम मात्र तांबटाच्या दारात शोभत नाही, एवढंच माझं म्हणणं.”

भाऊजींची बोटं चालली. त्यांनी ऐरणीकडं हात केला, मग माळ्याकडं, मग दोन्ही तळहात कानांवर दाबून तोंड वेडंवाकडं केलं.

मामंजींनी ते शेवटपर्यंत बघितलं. मग मोठ्यानं म्हणाले, “ऐरण उचलून माळ्यावर टाका, या म्हाताऱ्याच्या ठोकाठोकीनं माझं डोकं उठतं. असं म्हणाली ही?”

भाऊजींनी मान डोलावली.

“मी असं काहीही म्हटलेलं नाही,” मी म्हणाले.  “यातला एक शब्द माझा नाही. बारटक्के, तुम्ही ऐकलंत ना?”

बारटक्के पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन जमिनीकडं बघत राहिले.

“तो कशाला साक्ष देईल?” मामंजी म्हणाले. “मी ऐकलंय.”

त्यांनी उपरणं सोडलं. कानात बोंडूक होतं. वायर मानेमागून बंडीत गेली होती.

भाऊजींचा हात हवेत तसाच राहिला. मामंजी त्यांच्याकडं बघून सावकाश बोलायला लागले. त्यांना सावकाश बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“त्या दिवशी ही डबी झाळत होती. तोंडानं तू हिला म्हणालास, म्हाताऱ्याला आता काय ऐकायचं राहिलंय. हातानं मला म्हणालास, बाबा, ही मुद्दाम वेळ काढतेय, नवमीपर्यंत डबी चालू करणार नाही. मला वाटलं, एखादे वेळी माझ्या डोळ्यांची चूक झाली असेल. म्हणून मेली म्हणालो. म्हटलं, ठोकणं बंद असेल त्या दिवशी नीट ऐकावं.”

“बाबा, घराच्या भल्यासाठी...”

“थांब. हिचा बाप लग्नात म्हणाला, तांबटांना काय अक्कल. असं तू मला सांगितलंस.” मामंजी माझ्याकडं वळले. “म्हणाला होता?”

“माझे वडील म्हणाले होते, तांबटांच्या हातात कला आहे,” मी म्हणाले.

“पहिल्या सणाला तू पुरणपोळी ह्याच्या हाती पाठवलीस आणि म्हणालीस, म्हाताऱ्याला द्या, कुत्रं नाहीतरी खात नाही.”

“शी. मी कशाला असं म्हणीन?”

 बाहेर खरंच चिमण्या ओरडत होत्या. भाऊजी म्हणाले, “हिच्या एका शब्दावर तुम्ही माझ्यावर...”

मामंजींनी कानातलं बोंडूक काढलं आणि भाऊजींकडं पाठ केली. भाऊजी बोलत राहिले, आवाज चढवून, मग विनवून. मग त्यांनी पुढं येऊन हात नाचवायला सुरुवात केली तेव्हा मामंजींनी डोळे मिटून घेतले. शेवटी भाऊजी बारटक्क्यांना घेऊन बाहेर गेले. पेढे तिथंच राहिले.

मला वाटलं होतं आपल्याला आनंद होईल. झाला नाही. उलट रागच आला. मामंजींनी डोळे उघडून बोंडूक परत कानात घातलं तशी मी त्यांच्यासमोर बसले.

“तीन वर्षं,” मी म्हणाले. “तीन वर्षं तुम्ही माझ्याबद्दल हे सगळं खरं मानलंत. एकदा मला विचारावंसं वाटलं नाही?”

“विचारून काय करणार होतो? ऐकू कुठं येत होतं?”

“माझ्या तोंडाकडं बघितलं असतंत तर निम्मं कळलं असतं. तुम्ही दरवेळी पाठ फिरवलीत.”

 मामंजींनी पाटावरचा एक हातोडा उगाच सरळ केला. त्यांच्याकडून माफीचा शब्द येईल असं मला क्षणभर वाटलं. पण ते मामंजी होते.

“खोली घे,” ते म्हणाले. “पण एक अट. त्या पाण्यात तांबं विरघळवायचं नाही. माझ्या घरात चालणार नाही.”

“चालवावं लागेल. त्याशिवाय पाटी होत नाही.”

“मी ठोकून देतो पट्ट्या. चिकटव.”

“शंभर रेघा असतात एकेका पाटीवर. तुम्ही किती ठोकणार?”

“तुला काय करायचंय मी किती ठोकतो ते?”

“आणि नवसागर?” मी म्हणाले. “डबी तुम्ही बिघडवलीत, आणि आळ माझ्यावर घेतलात. ते आधी कबूल करा.”

“नवसागरानं काही होत नाही. पाटी हिणकस होती.”

“पाटी हिणकस नव्हती.”

“होती.”

मी वाट बघत होते की आता उठतील, पाठ फिरवतील. मामंजी उठले नाहीत. त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला, अंगठ्यानं डबीचं चाक पुढं सारलं, आवाज वाढवला, आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, “हं. बोल.”

त्या दिवशी आम्ही दिवेलागणीपर्यंत भांडलो. हे घरी आले तेव्हा दोघांचेही आवाज बसले होते.

भाऊजींनी वर्षाच्या आत वेगळं बिऱ्हाड केलं. माझं दुकान त्या खोलीत पुढं खूप वर्षं चाललं. नवसागराचं मामंजींनी कधीच कबूल केलं नाही, पण डबीची वायर पुन्हा तुटली तेव्हा भट्टीकडं न जाता मुकाट माझ्या फळीवर आणून ठेवली. घरात, आळीत, देवळात ते बोंडूक काढूनच हिंडायचे. लोकांचं ऐकण्यात सेल कशाला घालवायचे, म्हणायचे. सेल संपले की मात्र ऐरणीवरून उठायचे, गिऱ्हाईक असो नसो दुकानात यायचे, आणि डबी माझ्यापुढं आपटायचे.

“भर,” मामंजी म्हणायचे. “तुझ्याशी भांडायचंय.”